खिडकीजवळचा पेला

१

दवाखाना बंद झाला की मी सिरिंजचा डबा पिशवीत घालायची, पदर खोचायची आणि गावाबाहेरच्या बंगल्याकडे चालू लागायची. मी तेव्हा पोंभुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता, त्या काळातली ही गोष्ट.

बंगल्यात गुणवंतराव राहत. जमिनीखाली कोळसा आहे की चुनखडी, हे वरून ओळखायचं त्यांचं काम. तरुणपणी ते फ्रान्सला जाऊन ते शास्त्र शिकून आले होते, आणि येताना तिथलीच बायको घेऊन आले होते. तिचं नाव एलेन. ती वारून बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. गुणवंतरावांचं हृदय कमजोर झालं होतं, पायांवर सूज यायची, म्हणून चांद्याच्या डॉक्टरांनी रोज संध्याकाळी इंजेक्शन लिहून दिलं होतं. शिवाय हाताला कंप. चहाची बशीसुद्धा त्यांना धड धरता यायची नाही.

होळीच्या सुमारास एक दिवस इंजेक्शन दिल्यावर ते म्हणाले, "आशाबाई, तुमचे हात फार स्थिर आहेत. मला रोज एक काम करून द्याल?"

"सांगा ना भाऊ."

"बाटलीतली वाइन सुरईत ओतायची. इतकी वर्षं कोलू ओतून द्यायचा. आता नाही म्हणतो."

कोलू म्हणजे त्यांचा म्हातारा गोंड स्वयंपाकी. तो दाराशीच उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि निघून गेला.

"मी दारूला हात लावत नाही, भाऊ."

"हात बाटलीला लावायचा आहे. दारूला नाही."

मला हसू आलं. त्या हसण्यानंच मी अडकले.

२

त्या कामाची एक रीत होती. बाटल्या तळघरात ओल्या वाळूत आडव्या निजवलेल्या असत, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात वर ठेवल्या तर त्यांचा शिरका होईल. ज्या दिवशी बाटली उघडायची त्याच्या आदल्या दिवशी कोलू ती वर आणून उभी करून ठेवी. एवढं तो अजून करत होता. मग मी आले की खिडक्या लोटून घ्यायच्या. बाहेर उजेड असे, पण खोलीत अंधारून येई. लाखेचं झाकण कापायचं, स्क्रू सरळ आत घालायचा, बूच धक्का न देता वर घ्यायचं. मग मेणबत्ती लावायची आणि तिच्या ज्योतीसमोर बाटलीची मान धरून फुगीर पोटाच्या काचेच्या सुरईत एका धारेनं ओतत जायचं.

"ज्योतीकडे बघा, सुरईकडे नाही," गुणवंतराव खुर्चीतून सांगत. "आधी लाल उजेड दिसेल. मग धुरासारखं काहीतरी मानेकडे सरकत येईल. तो गाळ. तो आला की थांबायचं. उरलेल्याचा लोभ करायचा नाही."

मला ते लगेच जमलं. इंजेक्शनच्या सुईतून हवा काढणाऱ्या बाईला अवघड नव्हतं ते.

पहिल्या दिवशी मी नाक मुरडूनच उभी होते. दारू म्हणजे मला मोहाची माहीत. बाळंतपणाला पाड्यावर गेलं की नवऱ्याच्या तोंडाचा येणारा तो झणका. हे तसं नव्हतं. गुणवंतरावांनी देठाच्या पेल्यात बोटभर ओतायला लावली आणि म्हणाले, "पिऊ नका. नुसती हुंगा. मग थांबा. मग पुन्हा हुंगा."

आधी काही कळलं नाही. मग जांभूळ आलं. पिकून खाली पडलेलं, मातीला लागलेलं जांभूळ. जरा थांबल्यावर पावसाळ्यानंतर जंगलात कुजत पडलेला पाचोळा. त्याच्याखालून चामडं. आणि सगळ्यात शेवटी माझ्या वडिलांची तंबाखूची चंची. वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. माझे डोळे भरून आले.

गुणवंतराव माझ्याकडे पाहत होते. "हं," म्हणाले, "तुम्हाला येतं."

ही द्राक्षं एलेनच्या माहेरची. बोर्दोकडे तिच्या वडिलांचा मळा होता. लग्नाच्या वर्षीची सगळी चांगली वाइन त्यांनी लेकीबरोबर पेट्यांत भरून दिली आणि बजावलं की घाई करू नका, ही म्हातारपणी प्यायची आहे. एलेन म्हातारी झालीच नाही. हिवताप डोक्यात चढला आणि आजाराच्या तिसऱ्या दिवशी गेली. पेट्या राहिल्या.

"आता दोन पेले भरा," ते म्हणाले. "एक मला. एक तिला."

खिडकीजवळ वेताची एक खुर्ची होती, समोर छोटी तिवई. मी दुसरा पेला तिथं नेऊन ठेवला. म्हाताऱ्या माणसाचा हळवेपणा. माझी आई वडिलांचं ताट वाढायची तसंच ते.

३

पेले धुवायचं काम माझंच. कोलू त्या पेल्यांना हात लावत नसे.

गुणवंतराव आपला पेला तासभर पुरवत. खिडकीजवळचा भरलेलाच राहायचा, तो मी मागच्या पडवीत नेऊन मोरीत ओतायची. एका संध्याकाळी ओतण्याआधी सहज मी तो नाकाशी नेला. तो वास मला आवडू लागला होता, खोटं कशाला सांगू.

पेल्यात वास नव्हता.

मी पेला फिरवला, त्यांनी शिकवल्यासारखा. लाल पाणी काचेवर चढलं, उतरलं. पुन्हा हुंगला. काही नाही. जांभूळ नाही, पाचोळा नाही, चंची नाही. आंबटपणाही नाही. गुणवंतरावांच्या रिकाम्या पेल्यात तळाशी दोन थेंब होते. तो हुंगला तर सगळं होतं, भरभरून.

सर्दी नव्हती. मनाशी म्हटलं, खिडकीच्या फटीतून वारा येतो, उडाला असेल वास. दुसऱ्या दिवशी मी खिडकीची फट कापडानं बुजवली. पेला वासाविना. मग एक पेला खिडकीजवळ आणि त्याच सुरईतला एक कपाटावर, उघडाच, असं ठेवून पाहिलं. कपाटावरचा दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हाही दरवळत होता, जरा आंबूस झाला होता इतकंच. खिडकीजवळचा तासाभरात रिता झालेला. म्हणजे भरलेला. पण रिता.

त्या दिवशी मी बोट बुडवून जिभेला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. पाणी होतं. पाण्यालाही विहिरीची काही चव असते. याला तीही नव्हती.

मी शिकलेली बाई. नागपूरला मोठ्या हॉस्पिटलात मढी पुसलेली, रात्रपाळ्या केलेली. जे बाटलीत मोजता येत नाही ते नसतं, असं आम्हाला शिकवलं होतं. पेल्यातली पातळी मी खुणेनं पाहिली, थेंबही कमी होत नव्हता. तेव्हा काही घडतच नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं. पण पेला विसळताना माझे हात थरथरायला लागले होते, आणि त्या हातांवरच तर सगळं चाललं होतं.

४

कोलू चुलीपाशी बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. आमच्या सावली गावाकडची बोली मी त्याच्याशीच बोलायची.

"कोलूभाऊ, तू ते काम काऊन सोडलं?"

त्यानं लाकूड आत सारलं. "तुमाले बी समजलं का?"

"वास नाई राहत."

"हाव. वास नाई राहत." त्यानं चुलीतली राख बाजूला ओढली. "आमी बी पितो न बाई. पियाच्या आंधी दोन थेंब खाली सांडतो, मेलेल्या पुरख्याईले. पन सांडले का झालं. त्याईचं त्याईले भेटलं, आमचं आमाले. साहेब तसे नाई करत. साहेब खुर्ची देते. खुर्ची देल्ली का मानूस बसूनच राह्यते."

"तू पाह्यलं का कोनाले?"

"पाह्याले काय लागते? खुर्ची वाजते न."

वेताच्या खुर्च्या वाजतातच. उन्हानं वेत आकसतो, संध्याकाळी सैल होतो. मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, "हाव बाई, तसंच असन." आणि माझ्या कपाळाकडे पाहून त्यानं नजर वळवली.

लोक माझ्या कपाळाकडे पाहत. माझे मालक नानाजी, जंगल खात्यात गार्ड होते. तीन उन्हाळ्यांपूर्वी वणवा पाहायला म्हणून निघाले ते परत आले नाहीत. खात्याची माणसं शोधत फिरली. काही मिळालं नाही, चप्पल नाही, काठी नाही. कोणी म्हणे वाघानं नेलं, कोणी म्हणे अंधारी नदीच्या डोहात गेले. एक बैलगाडीवाला शपथेवर सांगायचा की सिरोंच्याच्या बाजारात त्यानं त्यांना पाहिलं, बरोबर एक बाई होती. सासरची माणसं म्हणाली, कुंकू पूस. मी पुसलं नाही. रोज सकाळी आरशासमोर बोट कपाळापर्यंत नेताना मला ठाऊक नसायचं की मी विधवा आहे की टाकलेली. दोन्हीपैकी कशाची प्रार्थना करावी तेही मला कळत नसे. नुसतं ते दारात यावेत असं वाटायचं. उंबऱ्यावर बसून चपलेतला काटा काढताना 'आशे, पाणी दे' म्हणावं. बस.

कोलूला हे सगळं ठाऊक होतं. सगळ्या पोंभुर्ण्याला ठाऊक होतं.

५

उन्हाळा चढला. मोहाची फुलं वेचून संपली, तेंदूपत्त्याची गडबड सुरू झाली. तळघरातल्या बाटल्याही संपत आल्या. गुणवंतरावांची सूज मांडीपर्यंत चढली होती.

एका संध्याकाळी मी खिडकीजवळ पेला ठेवून वळले तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही हुंगून पाहता ना धुण्याआधी?"

मी उभीच राहिले.

"वाइन म्हणजे वास. बाकी सगळं पाणी," ते म्हणाले. "तिचे वडील सांगायचे. जे जातं तेच खरं होतं."

"त्या येतात?"

"मला माहीत नाही. मी तिकडे कधी बघत नाही."

"काऊन?" माझ्या तोंडून आमची बोलीच निघाली.

"बघितलं आणि कोणी नसलं तर?" ते हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "आणि असलं तर? ती गेली तेव्हा शेवटच्या दिवशी तिची काय दशा होती ते मी पाहिलंय, आशाबाई. पेला रिता होतो, तेवढं मला पुरतं."

बाहेर कोलूनं बादली ठेवल्याचा आवाज आला. गुणवंतरावांनी थरथरता हात माझ्याकडे केला.

"तुम्ही एक तिसरा पेला का भरत नाही?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी सिरिंज डब्यात ठेवायला लागले.

"तुमचे मालक जिवंत असतील तर पेला जसाच्या तसा राहील," ते म्हणाले. "वासासकट. मग खुशाल शिव्या द्या त्यांना. नसतील तर... निदान तुम्हाला कळेल. तीन वर्षं हे असं राहणं माणसाचं काम नाही."

"त्यांनी कधी दारूला तोंड लावलं नाही, भाऊ."

"प्यायला कोण सांगतंय?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. नंतरचे काही दिवस मी इंजेक्शन द्यायला कंपाउंडरला पाठवलं. तो परत येऊन सांगायचा की म्हातारा सुरई घेऊन बसतो, पण ओतत नाही. ओतताच येत नाही त्याला. बाटली हातातून सुटून फुटली एक.

६

मी पुन्हा गेले ते शनिवारी. का गेले, हे मी स्वतःलाच सांगत गेले रस्ताभर. रोगी आहे, त्याचं औषध आहे, बाकी सगळा भ्रम आहे आणि भ्रम एकदा उघडा पाडला की सुटेल. वेळूच्या बेटापर्यंत हे पटत होतं. फाटक उघडलं तेव्हा मनात एकच होतं. या. कसेही या.

कोलूनं मला पाहिलं आणि पडवीतून निघून गेला.

गुणवंतरावांनी बाही वर केली. मी इंजेक्शन दिलं, खिडक्या लोटल्या, बूच काढलं. मेणबत्ती लावली. तिसरी खुर्ची मी स्वतः उचलून आणली, जेवणघरातली, लाकडी, हात नसलेली. एलेनच्या खुर्चीपासून जरा दूर ठेवली. अगदी शेजारी बसायला माझ्या मालकांना संकोच वाटला असता, परक्या बाईच्या.

मग मी ओतायला घेतलं. ज्योतीसमोर बाटलीची मान. लाल उजेड. धार बारीक. सुरईचं पोट हळूहळू भरत होतं. शिकवल्याप्रमाणे मी ज्योतीकडेच पाहत होते. गाळाचा धूर अजून आला नव्हता.

पण नजर खाली गेली. एकदाच.

सुरईच्या फुगीर काचेत अख्खी खोली होती, वाकलेली, उलटी, लाल. खिडकीची चौकट होती. गुणवंतरावांचं डोकं होतं. मी होते, लांबट हाताची. आणि लाकडी खुर्चीच्या जागी, कडेला, खाकी बाही होती. बाहीचं बटण तुटलेलं. हात गुडघ्यावर ठेवलेला, बोटं मातीनं काळी. हाताच्या वर काय होतं ते काचेच्या वळणात ताणलं जाऊन ज्योतीत मिसळून गेलं होतं.

मी वळले नाही. माझे हातही हलले नाहीत. धूर मानेशी आला तशी मी थांबले, थेंब न सांडता. आजही मला त्याचं नवल वाटतं.

"भरा," गुणवंतराव हळूच म्हणाले.

मी तीन पेले भरले. खाली बघत चालत गेले, फरशीच्या सांध्यांवरून. पेला खुर्चीसमोर स्टुलावर ठेवला. तिथं फरशीवर चपला दिसतील या भीतीनं डोळे मिटून घेतले आणि तशीच मागे सरत आले.

तो तासभर आम्ही दोघं ज्योतीकडे बघत बसलो. वेताची खुर्ची वाजली. जरा वेळानं लाकडी वाजली. लाकडी खुर्च्याही वाजतात.

मग मी उठले आणि तिसरा पेला घेऊन पडवीत गेले. उन्हं उतरली होती, कुठंतरी पिंगळा ओरडत होता. पेला नाकाशी नेण्यात मला फार वेळ लागला. नेला.

काही नव्हतं.

मी ओरडेन असं वाटलं होतं, किंवा रडेन. तसं झालं नाही. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. सिरोंच्याची बाई नव्हती. कोणीही नव्हतं. त्यांनी मला टाकलं नव्हतं. ते माझ्याकडे यायला निघाले होते आणि वाटेत कुठंतरी मेले होते. मग ते सुटलेपण माझ्या पायांतून खाली उतरून गेलं आणि मी मोरीच्या कट्ट्यावर बसले, तो लाल पाण्याचा पेला मांडीवर घेऊन.

"आले का?" आतून गुणवंतरावांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

७

दोनच दिवसांनी गुणवंतराव गेले. दुपारी झोपेतच. कोलू दवाखान्यात सांगायला आला तेव्हा दिवस मावळायला आला होता. आम्ही दोघांनी त्यांना पुसून, धोतर नेसवून तयार केलं. नातेवाईक नागपूरहून येणार होते, म्हणून रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवावं लागलं. ते ऐन वैशाखातले दिवस होते.

मढ्याला काही वास आला नाही.

मी कितीतरी मढी पाहिलेली. त्या उकाड्यात सकाळपर्यंतच लोक नाकाला पदर लावतात. नातेवाईक आले, त्यांनी बर्फ कुठून आणला म्हणून विचारलं. बर्फ नव्हता. एकजण म्हणाला, पुण्यवान माणूस. कोलूनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

संध्याकाळी सगळं आटोपल्यावर तो आपल्या गाठोड्यासकट माझ्या दारात आला. गावाला परत चालला होता, लेकाकडे. आत आला नाही. उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलला.

"बाई, एक सांगतो, राग नोका मानू."

"बोल न."

"त्याईले जा म्हना."

मी दाराची कडी धरली.

"खुर्ची तुमीच देल्ली न. आता तुमीच म्हना. नाव घेऊन म्हना, जा बाप्पा, तुया घरी जा. एकडाव म्हनलं का जाते. ते काई वाईट नसते. त्याईले समजत नाई फक्त, का जा लागते." त्यानं माझ्या खांद्यावरून घरात पाहिलं, चुलीपर्यंत, आणि चटकन डोळे खाली घेतले. "सायबाले बी म्हनलं होतं मी. साहेब रडाले लागले."

"म्हनीन," मी म्हटलं.

"आजच म्हना."

तो गेला. मी दार लावून घेतलं. घरात मी एकटी होते, आणि एकटी नव्हते. चुलीपाशी भिंतीला टेकून ते बसायचे त्या जागेकडे मी पाठ करून उभी होते. तोंड उघडलं. त्यांचं नाव लग्नाच्या उखाण्यानंतर मी कधी घेतलं नव्हतं. ते ओठांवर आणलं. 'जा' हा शब्द एवढासा. तेवढ्यात मागे, अगदी जवळ, माझ्या मानेशी कोणीतरी श्वास आत घेतला. सावकाश. मग थांबून पुन्हा एकदा.

माझा आवाज फुटला नाही. खरं सांगते, भीतीनं नाही. तीन वर्षांत इतक्या जवळ कोणी आलं नव्हतं.

मी दोन ताटं वाढली.

८

त्यानंतर पावसाळा आला आणि गेला. कुंकू मी पुसलं, लोकांसमोर. आता मला ठाऊक होतं. सासरची माणसं म्हणाली, बरं झालं, मन शांत झालं पोरीचं. आणि ते खरंच होतं. दवाखान्यातून निघताना माझं पाऊल झपझप पडायचं. पूर्वी ते घर नको वाटायचं.

तांदूळ मी अंदाजानं शिजवते आता, वासावरून कळत नाही. फोडणी दिली तर आधी ठसका लागतो, पण वास नाही. दारातल्या मोगऱ्याचं फूल खुडून आत आणलं की उंबरा ओलांडेपर्यंतच ते दरवळतं. यात रडण्यासारखं काय आहे? माणसं नवऱ्याला घासातला घास देतात.

त्या दिवसांत एका सकाळी अन्नपूर्णा नावाच्या एका बाईची सुटका करायला गेले होते, शेजारच्या पाड्यावर. पहिलटकरीण, रात्रभर अडलेली. मी आत शिरले तेव्हा अंगणातलं कुत्रं उठलं, माझ्याकडे तोंड करून हवेत नाक फिरवत राहिलं, आणि मी समोर उभी असून मला शोधत राहिलं. मी हात पुढे केला तशी शेपूट घालून पळालं.

पोरगी झाली. चांगली होती, रडली लगेच. पुसून मी तिला छातीशी धरली. नुकतं जन्मलेलं पोर डोळ्यांनी पाहत नाही, ते नाकानं शोधतं. कोणाही बाईच्या अंगाशी धरलं की मान वळवून तोंड घासायला लागतं. हजार पोरं मी अशी धरली असतील. ही माझ्या हातात असून किंचाळत होती, हातपाय ताठ करून, खाली टाकून दिल्यासारखी. अन्नपूर्णेच्या सासूनं, रुखमाबाईनं, तिला माझ्याकडून घेतलं. तशी ती गप्प झाली.

रुखमाबाई माझ्याजवळ सरकली. म्हातारी होती, तिला भीड नव्हती. तिनं माझ्या खांद्याशी नाक आणलं, मग केसांशी. मी घामेजलेली, हात रक्तानं माखलेले, डेटॉलनं धुतलेले.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या अंगाले कायचाच वास नाई येऊन राह्यला."

मी हसून काहीतरी बोलले. सामान आवरलं. ती म्हणाली, "बसा न, च्या मांडतो."

मी बसले नाही. घरी कोणीतरी वाट पाहत होतं.